रिकामे रकाने

काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला एकच धावपट्टी आहे आणि मोठी विमानं उभी करायला मोजक्याच जागा. नेपाळला समुद्र नाही, त्यामुळे बंदरही नाही. २५ एप्रिल २०१५ च्या शनिवारी, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं असताना, ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जगभरातून मदत निघाली. तिला आत यायला ही धावपट्टी आणि भारताच्या सीमेवरून घाट चढत येणारे थोडेसे रस्ते एवढीच वाट होती. चीनच्या बाजूला कोदारीकडे जाणारा अरनिको महामार्ग दरडींनी बंद पडला होता.

मी तेव्हा एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या दिल्ली कार्यालयात होते. माल मागवणं, पाठवणं, गोदामात लावून घेणं आणि त्याचा हिशेब ठेवणं हे माझं काम. भूकंपानंतर काही दिवसांतच मला काठमांडूला जायला सांगितलं. पहिल्या खेपेला आमचं विमान खोऱ्यावर बराच वेळ घिरट्या घालून दिल्लीला परत आलं, खाली उतरायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर त्याचं कारण समोरच दिसलं. आलेली मालवाहू विमानं रिकामी करायला फोर्कलिफ्ट पुरत नव्हत्या, माणसं पुरत नव्हती. विमानतळावरच्या कित्येक कामगारांची स्वतःचीच घरं पडली होती. आणि विमान रिकामं होईपर्यंत त्याची जागा अडून राहायची. म्हणजे वर घिरट्या घालणाऱ्या विमानात बसलेल्या सर्जनला, खाली कुणीही न मागितलेली पाण्याच्या बाटल्यांची खोकी उतरेपर्यंत थांबावं लागत होतं.

आगमन कक्षात एक टेबल मांडलेलं होतं. संयुक्त राष्ट्रांचं आपत्ती मूल्यांकन आणि समन्वय पथक, ज्याला या क्षेत्रातले सगळे अनडॅक म्हणतात, त्याची माणसं तिथे बसलेली. येणाऱ्या प्रत्येक परदेशी पथकाने आधी तिथे नोंद करायची: माणसं किती, श्वान किती, यंत्रं कोणती, स्वतःच्या अन्नपाण्यावर किती दिवस राहू शकाल, गाडी, इंधन, दुभाषा लागेल का. दिसायला किरकोळ वाटणाऱ्या या नोंदीमागे मोठा इतिहास आहे. १९८५ चा मेक्सिकोतला आणि १९८८ चा आर्मेनियातला भूकंप, या दोन्ही वेळी बाहेरून आलेली पथकं एकमेकांना न विचारता त्याच त्या ढिगाऱ्यांवर जाऊन धडकली. त्यातून १९९१ मध्ये शोध-बचाव पथकांचं इन्सराग हे आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. कुठल्या पथकाची क्षमता किती, हे आधीच तपासून ठरवायचं आणि आल्यावर यजमान सरकारच्या हाताखाली काम करायचं, हा त्याचा गाभा.

काठमांडूत सत्तरहून अधिक परदेशी बचावपथकं आली. त्या सगळ्यांनी मिळून ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढलेली माणसं सोळा. त्या सोळा जणांच्या घरच्यांसाठी हा आकडा लहान नाही, आणि ज्यांनी दिवसरात्र सिमेंट कापलं त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण सुटका झालेल्या बाकीच्या हजारो लोकांना शेजाऱ्यांनी, नेपाळी सैन्याने आणि पोलिसांनी पहिल्या काही तासांतच हातांनी, पहारींनी उकरून काढलं होतं. भारताचं एनडीआरएफ त्याच दिवशी पोहोचलं, ते जवळचं म्हणून. अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून चौथ्या-पाचव्या दिवशी उतरणाऱ्या पथकाने धावपट्टीवरची एक जागा खाल्ली, तेव्हा ताडपत्र्यांचं एक विमान मागे राहिलं. माझं स्पष्ट मत आहे की इतक्या उशिरा, इतक्या लांबून बचावपथक पाठवण्याऐवजी त्या देशाने तेवढे पैसे किंवा तेवढ्या ताडपत्र्या द्याव्यात. मेच्या पहिल्या आठवड्यात नेपाळ सरकारने परदेशी बचावपथकांना परत जायला सांगितलं, ते अगदी योग्य होतं.

एक गोष्ट मात्र नशिबाने नव्हे, दूरदृष्टीने झाली होती. भूकंपाच्या साधारण महिनाभर आधी, मार्च २०१५ मध्ये, विमानतळाच्या आवारातच जागतिक अन्न कार्यक्रम आणि नेपाळ सरकारने मिळून मदतसामग्री उतरवण्या-साठवण्यासाठी एक तळ उघडला होता. सगळे त्याला स्टेजिंग एरिया म्हणत. काठमांडूला मोठा भूकंप होणार हे भूगर्भशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते. ते ऐकून कुणीतरी सपाट जमीन, मोठे साठवण-तंबू, उजेड आणि कुंपण यांची सोय आधीच करून ठेवली. विमानातून उतरलेला माल थेट तिथे नेता येत होता. हा तळ नसता तर पहिल्या आठवड्यात काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही. कारण पुढे धावपट्टीच खचायला लागली. इतक्या जड विमानांची इतकी ये-जा तिने कधी सोसलेली नव्हती. ३ मेपासून १९६ टनांहून जड विमानांना उतरायला मनाई झाली आणि मोठ्या मालवाहू विमानांचं सगळं नियोजन कोलमडलं. मग माल लहान विमानांत भरा, नाहीतर भारतात उतरवून रक्सौल-बीरगंजमार्गे ट्रकने आणा.

माझं काम इथून सुरू झालं: आमच्या संस्थेचा माल सोडवणं, आणि लवकरच इतरांच्याही मालाची माहिती एकत्र करण्यात हातभार लावणं.

तळावर एका सकाळी आम्ही एका पॅलेटचं, म्हणजे फळ्यांच्या चौकटीवर रचून बांधलेल्या मालाचं, प्लास्टिक कापलं. सोबत कागद नव्हता, घेणाऱ्याचं नाव नव्हतं, बाहेर नुसतं ‘नेपाळसाठी’ असं लिहिलेलं. वरच्या थरात हिवाळी कोट, वापरलेले, काहींच्या खिशात जुन्या पावत्या. त्याखाली बिस्किटं, बाळांच्या दुधाची पावडर, शांपू. तळाशी कापडी पिशव्यांत गोळ्यांच्या सुट्या पट्ट्या, नावं आमच्यापैकी कुणालाही न येणाऱ्या लिपीत. माझ्याबरोबरच्या नेपाळी सहकाऱ्याने एकेक पट्टी उजेडात धरून मुदतीची तारीख शोधली. दान केलेलं औषध पोहोचेल तेव्हा त्याची किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी आणि त्यावर स्थानिक डॉक्टरला कळेल असं नाव असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. या पट्ट्यांना त्यातलं काहीच लागू होत नव्हतं. दुधाची पावडर तर धोक्याचीच. स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला इंधन नाही, आणि आई अंगावर पाजते आहे; तिथे हा डबा पोहोचला की बाळाला जुलाब लागायची भीती. ज्यांनी तो पाठवला त्यांनी पदरमोड करून, डोळ्यांत पाणी आणून पाठवला असणार. म्हणूनच तो बाजूला ठेवताना फार जड गेलं.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते, तेच इथे विमानभाडं भरून झालं. ट्यूना मासे आणि मेयोनीज आम्हाला काय कामाचं, धान्य, मीठ, साखर पाठवा, असं नेपाळच्या अर्थमंत्र्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. त्या दिवसांत नेपाळी कस्टम्सच्या दिरंगाईवर पुष्कळ टीका झाली. त्यातली काही रास्त होती. तंबू आणि ताडपत्र्यांवरचा कर माफ व्हायलाच मे महिना उजाडला. पण मी त्या खिडकीसमोर तासन् तास उभी राहिले आहे, आणि खिडकीपलीकडचा माणूस विचारत होता ते प्रश्न मलाही पडलेच असते. यात काय आहे? कुणाचं आहे? कोण घेणार आणि कुठे नेणार? ज्या मालासोबत पॅकिंग लिस्ट, दानपत्र आणि घेणाऱ्या संस्थेचं नाव होतं, तो माल माझ्या डोळ्यांदेखत त्याच दिवशी सुटायचा. अडायचा तो बेवारस माल. आणि तो स्वतः अडायचा तेव्हा मागच्यालाही अडवायचा.

आता समन्वयाच्या बैठकांबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ डिसेंबर १९९१ ला ४६/१८२ क्रमांकाचा ठराव केला. त्यात म्हटलं आहे की मदत सुरू करणं, तिची व्यवस्था, समन्वय आणि अंमलबजावणी यांत मुख्य भूमिका आपद्ग्रस्त देशाचीच. बाहेरच्यांनी त्याला हात द्यायचा. २००५ च्या सुधारणांनंतर कामाची वाटणी क्लस्टरमध्ये, म्हणजे विषयवार गटांत, झाली: आरोग्याचं सूत्र जागतिक आरोग्य संघटनेकडे, पाणी-स्वच्छतेचं युनिसेफकडे, वाहतूक-साठवणीचं जागतिक अन्न कार्यक्रमाकडे, नैसर्गिक आपत्तीतल्या निवाऱ्याचं रेड क्रॉस-रेड क्रेसेंटच्या महासंघाकडे. नेपाळमध्ये प्रत्येक क्लस्टरसोबत सरकारचं एक खातं जोडलेलं होतं. कागदावर ही रचना फार चांगली आहे, आणि तिच्याशिवाय काम करून पाहिलेली माणसं तिची टिंगल करत नाहीत. क्लस्टरचा गोदामातला कोपरा आणि ट्रक सगळ्या संस्थांना एका अर्जावर फुकट मिळायचे. त्यामुळे पाच माणसांची छोटी संस्थाही सिंधुपाल्चोक जिल्ह्यात माल पाठवू शकली.

पण बैठका. रोज, दिवसभर, एकापाठोपाठ एक. तंबूत खचाखच माणसं, अर्धी आदल्या रात्री उतरलेली. प्रत्येक जण आपलं नाव, संस्थेचं नाव आणि आपण काय काय वाटलं ते सांगणार. सगळं भराभर इंग्रजीत. कोपऱ्यात नेपाळी सरकारी अधिकारी बसलेले, ज्यांच्या नावाने ही बैठक भरली आहे तेच. एकदा मी एका अधिकाऱ्याच्या वहीत डोकावले तर त्यांनी पानावर चौदा जिल्ह्यांची नावं लिहून ठेवली होती, सर्वाधिक नुकसान झालेल्या चौदा जिल्ह्यांची, आणि कुणी कुठल्या जिल्ह्याचा उल्लेख केला की ते त्यापुढे एक रेघ मारत होते. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, गोरखा यांच्यापुढे रेघांची झुंबड. रामेछाप, ओखलढुंगा, सिंधुली यांच्यापुढे जवळपास काही नाही. तासभराच्या त्या बैठकीतली सगळ्यात उपयोगी माहिती त्या पानावर होती, आणि ती कुणीही मोठ्याने वाचली नाही.

गोरख्यातलं बारपाक हे भूकंपाचं केंद्र म्हणून जगभरच्या बातम्यांत आलं. तिथे कॅमेरे गेले, मग मदतही गेली. जाणं गरजेचंच होतं, पण नाव न झालेल्या गावांनी काय करायचं?

कोण, काय, कुठे, कुणासाठी, याचा एक तक्ता प्रत्येक मोठ्या आपत्तीत ठेवला जातो. संस्थांनी आपापली माहिती भरायची, ती एकत्र करून नकाशे बनवायचे. माझी रवानगी हळूहळू या तक्त्याकडे झाली, कारण गावांची नावं जुळवायला कुणीतरी हवं होतं. रोमन लिपीत एकच गाव कुणी एका स्पेलिंगने लिहिलं, कुणी दुसऱ्या, कुणी तिसऱ्या, आणि संगणकाला ती तीन गावं वाटायची. त्यासाठी प्रत्येक ठिकाणाला ठरावीक सांकेतांक दिलेला असतो, पण घाईत तो कुणी भरत नाही. जिल्ह्यांतून येणाऱ्या हाती लिहिलेल्या याद्या देवनागरीत होत्या. मला त्या वाचता यायच्या आणि माझ्या बहुतेक परदेशी सहकाऱ्यांना यायच्या नाहीत. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे मी काठमांडूतल्या तंबूतून चौताऱ्याला पोहोचले.

चौतारा हे सिंधुपाल्चोकचं जिल्हा मुख्यालय, डोंगराच्या धारेवर वसलेलं. या एका जिल्ह्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, सगळ्या जिल्ह्यांत सर्वाधिक. बाजारपेठेतला रस्ता दोन्ही बाजूंनी कोसळलेल्या घरांनी निम्मा झालेला. जिल्ह्याच्या मदतीचा अधिकार तेव्हा जिल्हा दैवी प्रकोप उद्धार समितीचा होता. तिचे प्रमुख सीडीओ, आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यांसारखे. खालची पायरी तेव्हा गाउँ विकास समितीची होती, बोलीत गाविस. एका गाविसमध्ये नऊ वॉर्ड असत. गावपातळीवरच्या निवडणुका १९९७ नंतर झालेल्याच नव्हत्या, त्यामुळे गाविसचा सगळा कारभार एकट्या सरकारी सचिवावर. मृतांची नोंद, पडलेल्या घरांची नोंद, मदतीचं वाटप, भांडणं, सह्या, सगळं त्याच्याच माथी. काही सचिवांकडे दोन-दोन गाविस होत्या.

असेच एक सचिव जिल्हा बैठकीला डोंगर उतरून आले होते. पन्नाशीचे असावेत. बैठक संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी भिंतीवर लावलेल्या नकाशाजवळ उभी होते. हिरवा रंग म्हणजे ताडपत्री पोहोचली, पिवळा म्हणजे थोडी पोहोचली, लाल म्हणजे काहीच नाही. ते जवळ आले आणि आपल्या गावावर बोट ठेवून म्हणाले, “बहिनी, तुमच्या नकाशावर माझं गाव हिरवं आहे.”

“हो दाइ,” मी म्हटलं, दाइ म्हणजे नेपाळीत दादा, “दोन संस्थांनी तिथे वाटप केलंय.”

“दोन नाही, तीन. तिन्ही रस्त्याकडेच्या वॉर्डात. एक, दोन आणि तीन नंबर. सात, आठ, नऊ वर आहेत. गाडीचा रस्ता संपला की तिथून पुढे चार तास चढ. तिथे अजून कुणी आलेलं नाही.”

त्यांनी पिशवीतून वही काढली. शाळकरी, दोनशे पानी, कव्हर पावसाने फुगलेलं. आत वॉर्डवार घरं, घरप्रमुखाचं नाव, माणसं किती, मेलेली किती, घर पूर्ण पडलं की अंशतः, आणि शेवटी ‘पाल’ असा रकाना, म्हणजे ताडपत्री. एक ते तीन वॉर्डांत त्या रकान्यात काही ठिकाणी तीन-तीन खुणा. मधल्या वॉर्डांत तुरळक. सात, आठ, नऊ नंबरच्या वॉर्डांत पानंच्या पानं तो रकाना कोरा. मी त्या पानांचे फोटो घेतले, आणि त्या रात्री चौताऱ्याच्या तंबूत जिल्ह्याच्या तक्त्यात गाविसच्या पुढे वॉर्डाचा रकाना घालायला बसले.

याला विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. राष्ट्रीय तक्ता गाविसच्या पातळीवर चालत होता. नऊपट ओळी कोण भरणार? संस्थांच्या माणसांकडे वॉर्डाची माहितीच नसे, त्यांना ट्रक कुठे रिकामा झाला तेवढं माहीत. काठमांडूतून निरोप आला की इतकं बारीक काम आत्ता नको. सीडीओ कार्यालयाने मात्र ते उचलून धरलं, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारी वॉर्डाच्याच होत्या. त्यांनी सचिवांना आपापल्या वह्या घेऊन बोलावलं आणि शाळेतल्या शिक्षकांना, भूकंपाने शाळा बंदच होत्या, त्या उतरवून घ्यायला बसवलं. पाच-सहा दिवसांत निम्म्याहून अधिक जिल्हा वॉर्डवार दिसू लागला. आणि नकाशावरचा बराचसा हिरवा रंग गेला.

त्यानंतर जिल्ह्याच्या बैठकीत दोन बदल झाले. बैठक नेपाळीत चालू लागली आणि परदेशी लोकांच्या शेजारी दुभाषा बसू लागला. आधी उलट होतं. आणि सुरुवातीला ‘आम्ही काय केलं’ची फेरी बंद झाली. त्याऐवजी ज्या वॉर्डांपुढचे रकाने रिकामे आहेत त्यांची नावं सचिव वाचून दाखवायचे आणि विचारायचे, इथे कोण जाणार? पहिल्या दिवशी तंबूत शांतता पसरली. मग एका छोट्या संस्थेच्या मुलीने हात वर केला. तिच्याकडे माल नव्हता, पण खच्चरवाले ओळखीचे होते. दुसऱ्या एकाकडे माल होता आणि खच्चर नव्हतं. मी आजवर ज्या ज्या बैठकांना बसले आहे त्यांत ही सर्वांत कामाची.

१२ मेला, मंगळवारी, दुपारी बारा पन्नासला दुसरा मोठा धक्का आला, ७.३ तीव्रतेचा. आम्ही उघड्यावर होतो म्हणून वाचलो. जमीन बाजूला सरकल्यासारखी झाली, आणि मग समोरच्या डोंगरावर ठिकठिकाणी धुळीचे लोट उठले. प्रत्येक लोट म्हणजे एक दरड, आणि दरडीखालून एखादी पायवाट गेलेली. आम्ही ज्या वाटांवर खुणा करून ठेवल्या होत्या त्यांतल्या काही संपल्या होत्या. पंचवीस एप्रिलला नुसते तडे गेलेली घरं त्या दिवशी पडली. ‘अंशतः’ लिहिलेली पानंच्या पानं पुन्हा तपासायची वेळ आली. शेजारच्या दोलखा जिल्ह्यात तर सगळं नव्याने सुरू करावं लागलं. त्याच दुपारी मदतीवर असलेलं अमेरिकी मरीन दलाचं एक हेलिकॉप्टर दोलख्याकडच्या डोंगरात बेपत्ता झालं. त्यात सहा मरीन आणि दोन नेपाळी सैनिक होते, कुणीही वाचलं नाही. आमच्यातले बरेच जण त्या संध्याकाळी घरी फोन लावायचा प्रयत्न करत होते. चौताऱ्यातले माझे नेपाळी सहकारी मात्र वहीतली पानं परत नीट लावत बसले. त्यांची स्वतःची घरं कशी आहेत हे विचारायला मला दुसरा दिवस उजाडला.

यापुढचा सगळा झगडा हेलिकॉप्टरसाठी. एमआय-८ हे हेलिकॉप्टर डोंगरात, उंची आणि हवामान पाहून, साधारण दोन-अडीच टन माल उचलतं. चार बाय सहा मीटरची एक ताडपत्री साडेचार किलोच्या आसपास. कुटुंबाला दोन दिल्या तर दोन टनांत सव्वादोनशे कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर येतं. त्याच दोन टनांत तांदूळ भरला, माणशी दिवसाला चारशे ग्रॅम धरला, तर पाच माणसांच्या तेवढ्याच कुटुंबांना तो साडेचार दिवस पुरतो. आरोग्यवाल्यांना त्याच फेरीत दोन डॉक्टर, औषधं आणि परतीला गर्भवती बाई आणायची असते. यातलं कुणाचंच म्हणणं खोटं नसतं. वाहतूक सांभाळणाऱ्याने हा निर्णय घ्यायचा नसतो, हे मी तिथे पक्कं समजले. आम्ही जागा, वजन, वेळ सांगायचं. आधी काय जाणार हे जिल्हा समितीने सगळ्या क्लस्टरना समोर बसवून ठरवायचं. ठरलं की मग संस्थेचा वरिष्ठ फोन करो की कुणा दूतावासाचा माणूस येवो, यादी बदलायची नाही. हे पाळायला रोज त्रास झाला.

हेलिकॉप्टर जिथे जाऊ शकत नव्हतं, किंवा जाणं परवडत नव्हतं, तिथे माणसं गेली. ट्रेकिंगचा मोसम भूकंपाने बुडाला होता, हजारो भारवाहक आणि वाटाडे रिकामे बसले होते. जागतिक अन्न कार्यक्रमाने गिर्यारोहण क्षेत्रातल्या नेपाळी संघटनांना सोबत घेऊन त्यांनाच मजुरी देऊन कामाला लावलं: तुटलेल्या पायवाटा दुरुस्त करायच्या आणि माल वर न्यायचा. कुठल्या वाटेवर खच्चर जाईल, कुठे फक्त माणूस, कुठला झुलता पूल भार सोसेल, हे त्यांना तोंडपाठ होतं. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जगभरच्या स्वयंसेवकांनी भराभर नकाशे काढून दिले होते, त्यांचाही फार उपयोग झाला. पण वाट जिवंत आहे की नाही हे भारवाहकच सांगायचे. सात, आठ आणि नऊ नंबरच्या त्या वॉर्डांत ताडपत्र्या अशाच, पाठीवरून गेल्या.

जूनच्या मध्याला पाऊस येणार होता. जवळपास पाच लाख घरं पूर्ण पडलेली, आणि ताडपत्री एक पावसाळा कशीबशी काढते. त्यामुळे मेच्या शेवटी सगळा भर पत्र्यांवर गेला. सरकारने घर पूर्ण पडलेल्या कुटुंबांना तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पंधरा हजार नेपाळी रुपये जाहीर केले, अनेक संस्थांनीही रोख रक्कम देणं सुरू केलं. जिथे बाजार चालू आहे तिथे रोख पैसाच द्यावा, या मताची मी तेव्हापासून आहे. माणसं पडलेल्या घराचं लाकूड वापरतात, दगड वापरतात, आणि पैशांतून नेमकं कमी असेल तेवढंच आणतात. पत्रे, खिळे, कुणी बियाणं. भाताची पेरणी तोंडावर होती आणि बियाणं ढिगाऱ्याखाली गेलं होतं, हे आमच्या कुठल्याच यादीत आधी नव्हतं.

जूनच्या शेवटी, २५ तारखेला, काठमांडूत पुनर्बांधणीसाठी देणगीदार देशांची परिषद भरली आणि अब्जावधी डॉलरची आश्वासनं जाहीर झाली. तोवर चौताऱ्यातले बरेच परदेशी तंबू उतरले होते. मीही तक्ता जिल्हा समितीच्या एका तरुण कर्मचाऱ्याकडे सोपवत होते. सूत्रं, सांकेतांक, दर आठवड्याला कुणाकडून काय यायचं, हे सगळं समजून घेतल्यावर त्याने विचारलं, “पत्रे ‘पोहोचले’ म्हणजे कुठे पोहोचले?” गाविसच्या कार्यालयापर्यंत, मी म्हटलं. त्याने मान हलवली. सगळे मिळून बहात्तर फूट भरणाऱ्या पत्र्यांचा बंडल एकट्याने चढावर न्यायचा नसतो. ज्या घरातला तरुण मुलगा कतारला किंवा मलेशियाला आहे, तिथली म्हातारी किंवा एकटी सून तो नेणार कसा? त्याने माझ्यासमोर एक नवा रकाना वाढवला, ‘घरी नेला का’, आणि सचिवांना फोन लावायला सुरुवात केली. पहिल्याच फेरीत शेकडो बंडल कार्यालयांच्या पडवीत पडून असल्याचं कळलं. त्या आठवड्याच्या बैठकीत समितीने भारवाहकांच्या मजुरीसाठी वेगळी रक्कम काढायला सांगितली, आणि तीन संस्थांनी ती दिली.